बार्बेक्यूवरचं अंथरूण

८ जानेवारी, रविवार

बार्बेक्यू! सत्तराव्या वाढदिवसाला म्हणे बार्बेक्यू. मला कुणी विचारलं? छे!

चर्चहून परतताना गारफील्डनं गाडीतच जाहीर केलं — "आई, सगळं ठरलंय. तू फक्त नटून बसायचंस." मी म्हटलं, घरी केक आणू, चार माणसं बोलावू, झालं. तर मागच्या सीटवरून सूनबाई — "अहो आई, सत्तर काय दर वर्षी होतात?" सँड्रीनशी वाद घालायचा नाही हे मी केव्हाच ठरवलंय. तीच जिंकते.

डोंगरात, सीडर गॅपला एक बाई घर भाड्यानं देते. दोन दिवसांसाठी घेतलंय. इंटरनेटवर फोटो एकच, तोही धुक्याचा. पण खाली लिहिलंय — 'मोठा बार्बेक्यू आहे'. एवढ्यावर माझा मुलगा भाळला!

डोंगर म्हटल्यावर मला जरा बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. डॉसन्स रन तिथून फार लांब नाही. मी तिथली. नऊ वर्षांची असताना किंग्स्टनला आले, ती परत कधी गेलेच नाही. आधी शाळा, मग नोकरी, मग मुलं — राहून गेलं.

१४ जानेवारी, शनिवार

गारफील्डनं एप्रन आणलाय. छातीवर मोठ्ठ्या अक्षरांत 'बार्बेक्यू किंग'. आणि स्पेलिंग चूक! शेवटी 'सी' हवा तिथं 'क्यू' घातलाय. मार्कर घेऊन तिथल्या तिथं दुरुस्त केलं.

"आई! कोरा करकरीत एप्रन होता!"

"चूकही कोरी करकरीतच होती."

आयुष्य दुसऱ्यांच्या मुलींना इंग्रजी शिकवण्यात गेलं. आता स्वतःच्या घरात असला क्यू चालवून घेऊ?

मग मला शिकवायला लागला. या शब्दाचा उगम त्याला ठाऊक आहे म्हणे, फोनवर वाचलंय. फ्रेंच आहे — 'दाढीपासून शेपटीपर्यंत', म्हणजे अख्खा बोकड सळईवर. मी म्हटलं, असले उगम लोकांना बोकड खाऊन झाल्यावर सुचतात. सँड्रीन इतकी हसली की तिचा चहा सांडला.

१५ जानेवारी, रविवार

शब्दकोश काढला. निवृत्तीच्या दिवशी मुलींनी दिलेला — दोन्ही हातांनी उचलावा लागतो.

फ्रेंच नाहीच! शब्द इथलाच निघाला, आपल्या बेटांवरचा. स्पॅनिश लोक यायच्या आधी जे टायनो इथं राहत होते, त्यांचा. चार खुंट रोवायचे, त्यांवर काटक्यांची जाळी — म्हणजे माचाच. त्याच्यावर मका साठवायचा, खाली मंद धूर करून मासे-मांस सुकवायचं. आणि झोपायचंही त्याच्यावरच! एका जुन्या इंग्रज खलाशानं हा शब्द लिहून ठेवलाय तो चक्क बिछान्यासाठी. जमिनीपासून वर उचललेला बिछाना, खाली ओल लागू नये म्हणून.

म्हणजे एकाच माच्यावर घर, कोठार आणि स्वयंपाक. पुढं जगानं त्यातला फक्त स्वयंपाक उचलला.

इतकी वर्षं शिकवलं, पण हा शब्द फळ्यावर एकदाही लिहिला नाही. शिकवण्याजोगा वाटलाच नाही. गारफील्डला लगेच फोन केला. "हो का? बरं, आई," म्हणाला. मागं क्रिकेट चालू होतं.

२१ जानेवारी, शनिवार. सीडर गॅप

काय दिवस! लिहिल्याशिवाय झोप येणार नाही.

रस्ता तसाच आहे — एका हाताला कडा, दुसऱ्या हाताला आभाळ. मॅव्हिस बँक हे गाव सोडल्यापासून सँड्रीन डोळे मिटून प्रार्थना म्हणत होती. मी खिडकी उघडी ठेवली. थंड, ओला, आल्याच्या पानांचा वास. मजेत होते अगदी.

घर लहान आणि स्वच्छ. मालकीण व्हिनेट पासली — पन्नाशीची, उंच, हातात लाकडी दाताळं. गारफील्डनं नमस्कार करायच्या आधी डिकी उघडली. आत डुकराचं मांस, कोंबड्या, सगळं मसाल्यात मुरवलेलं.

"ताई, बार्बेक्यू कुठं आहे?"

व्हिनेटनं त्याच्या पायांकडे पाहिलं. "उभे आहात की त्याच्यावर. बूट घालून."

पाहतो तर पायाखाली सिमेंटचं लांबरुंद खळं, आणि खळंभर टरफलासकट कॉफीच्या बिया उन्हात वाळत पडलेल्या. गारफील्ड टुणकन मागं सरला.

"तसा नव्हे हो. मांस भाजायचा बार्बेक्यू."

"मांस? ह्याच्यावर? माझ्या आज्यानं कॉफी वाळवायला बांधलाय हा. आम्ही ह्यालाच बार्बेक्यू म्हणतो. तुम्ही काय म्हणता?"

मला हसू आवरेना. गाडीचं दार धरून हसत राहिले. कारण मला माहीत होतं! जन्मापासून माहीत होतं! डोंगरात बार्बेक्यू म्हणजे खळंच. मका, मासे, बिछाना एवढं वाचून मी शब्दकोश मिटला. त्याच्या खाली बारीक अक्षरांत हाही अर्थ नक्की असणार. आणि मी, डोंगरातलीच, विसरून बसले. किंग्स्टननं माझाही शब्द बदलून टाकला होता की.

घोटाळा झाला तो असा — व्हिनेटच्या भाचीनं शहरातून फोनवर विचारलं, मावशी, घरात काय काय आहे? व्हिनेटनं सांगितलं, दोन खोल्या, पाण्याची टाकी, मोठा बार्बेक्यू. भाचीनं तसंच्या तसं इंटरनेटवर चढवलं. कुणीच खोटं बोललं नाही!

सगळं हसण्यावरच थांबलं असतं तर बरं. पण आम्ही आत बॅगा ठेवतोय तोवर माझ्या चिरंजिवांनी घराच्या कोपऱ्यावरचं एक अर्धं पिंप शोधलं आणि त्यात कोळसे पेटवले. वारा नेमका खळ्याकडे. व्हिनेटची किंकाळी ऐकून मी बाहेर धावले, वाटलं कुणाला साप चावला.

"विझव! विझव ते आधी!"

"अहो ताई, मी लांबच पेटवलंय—"

"कॉफी वास पिते रे बाबा! कारखान्यातला माणूस नाक खुपसून बघतो. धुराचा वास आला की पोतं परत! वर्षाचं पीक आहे माझं!"

गारफील्डचा चेहरा उतरला. बर्फाचा डबा उचलून, त्यातल्या लिंबूपाण्याच्या बाटल्यांसकट, पिंपात उपडा केला. मग सगळेच लागलो — तो दाताळं घेऊन बिया पलीकडच्या टोकाला ओढतोय, सँड्रीन पांढऱ्या विजारीत गुडघ्यांवर बसून हातांनी गोळा करतेय, मी खराटा घेतला. "बाई, तुम्ही बसा," व्हिनेट म्हणाली. कशाची बसते! वर ताडपत्री टाकली. धूर मोकळ्या वाटेनं खाली दरीत गेला.

खळं रिकामं झालं. दुपार कलली होती, पण सिमेंट अजून गरम. मी चपला काढल्या होत्या. तळव्यांना ती ऊब लागली आणि — काय झालं सांगता येत नाही — मी बसले, आणि मग सरळ उताणी झोपले.

"आई! चक्कर आली का? सँड्रीन, पाणी आण!"

"गप बस. मी झोपलेय पूर्वी अशी."

वर ढग डोंगराला घासून चालले होते. पाठ शेकत होती. व्हिनेट जवळ येऊन उभी राहिली. तिला कळलं असावं.

२२ जानेवारी, रविवार

सत्तर झाले. विशेष काही वाटत नाही. गुडघे मात्र खराट्याचा हिशेब मागताहेत.

मांस अखेर खाली रस्त्याच्या वळणावर शिजलं, खळ्यापासून दूर, वारा पाहून. व्हिनेटनं जाळी म्हणून पिमेंटोच्या, त्या मसाल्याच्या झाडाच्या, ओल्या फांद्या तोडून दिल्या. चार दगड, वर फांद्यांची जाळी, खाली मंद आग. मी गारफील्डला म्हटलं, बघ, हाच तो खरा माचा. या वेळी त्यानं ऐकलं. सोबत नीरफणस भाजला. व्हिनेटनं दोनदा वाढून घेतलं आणि म्हणाली, "पेटवायची अक्कल नाही, पण शिजवायची आहे हो तुमच्या मुलाला."

जेवल्यावर मुलांनी विचारलंच — काल ते काय होतं?

मग सांगितलं. एकावन्नचं वादळ. आमच्या डॉसन्स रनमध्ये निम्म्या घरांचे पत्रे उडाले. आमचंही गेलं. आई मला आणि माझ्या तान्ह्या भावाला, बर्टीला घेऊन पासलींच्या खळ्यावर राहायला आली. (व्हिनेटचेच कुणी लांबचे भाऊबंद. या डोंगरात दर दुसरा माणूस पासली.) एकट्या आम्ही नव्हतो — गावातल्या कितीतरी बायका आपापली पोरं घेऊन आलेल्या. खाली गोणपाटं, वर चादरी. सिमेंटची ऊब पहाटेपर्यंत पुरायची. आई मधोमध, भोवती बायका, त्यांच्या भोवती आम्ही पोरं. गाणी व्हायची. गोष्टींतल्या त्या जाळं विणणाऱ्या अनान्सी कोळ्याच्या लबाड्या ऐकून पोट दुखेस्तोवर हसायचो. मी आणि त्या पासलींची आयोनी एका गोणपाटावर. पाय कुणाचे, डोकं कुणाचं, पत्ता नाही! पुरुष घरं उभी करत होते. पपाही. ते सुतारच होते, मागं राहिले.

"किती दिवस होतात?" सँड्रीननं विचारलं.

आठवत नाही. पुष्कळ. मला वाटायचं, घर नीट होऊच नये.

तिथूनच किंग्स्टनला मावशीकडे आलो. पपा मागाहून येणार होते, राहून गेलं. मी तेरा वर्षांची असताना तिकडेच वारले.

गारफील्ड म्हणाला, "आई, हे तू कधीच नाही सांगितलंस." खरंच, का नाही सांगितलं? शाळेत मुलींना 'माझ्या बालपणीचा आनंदाचा काळ' असा निबंध दर वर्षी घालायचे. स्वतः कधी लिहिलाच नाही.

२७ जानेवारी, शुक्रवार

व्हिनेटचा फोन. कारखान्यानं सगळी पोती घेतली, एक सोडून. त्या एकाला वास लागला. मी कळवळले, पण ती हसतच होती — "एवढं तर मी घरीच पिते, बाई." गारफील्डला कळलं तेव्हा तो उद्याच जाऊन ते पोतं विकत घेतो म्हणाला. घेऊ दे. कांडून, भाजून देईल ती. वर्षभर धुराची कॉफी प्यायची आणि मुलाची आठवण काढायची.

तिला जाताना मी एक काम सांगितलं होतं — डॉसन्स रनची आयोनी, आहे का अजून? आहे! तिथंच आहे! त्याच घरात!

दिवसभर गुणगुणतेय.

४ फेब्रुवारी, शनिवार

एक गोष्ट टोचतेय. आमच्या अंथरुणाला कॉफीचा वास होता, हे पक्कं आठवतं. कडेला बियांचे ढीग असायचे, त्यांत हात खुपसून झोपायची मी. पण वादळ आलं ऑगस्टात. ऑगस्टात खळ्यावर कॉफी कुठून? झाडावर अजून हिरवी असते.

लहानपणीचं आठवणं म्हणजे असंच. इकडचं तिकडे शिवलेलं. सीडर गॅपच्या खळ्यावरचा वासच मागं जाऊन चिकटला असेल.

१८ फेब्रुवारी, शनिवार

आयोनी!

व्हिनेट वाट दाखवायला गाडीत बसली, गारफील्डनं गाडी हाकली. शेवटचा चढ पायी. मी म्हटलं होतं आयोनीला सगळं शांतपणे सांगायचं, नाव, गाव, ओळख — कशाचं काय. दारात एक जाडजूड म्हातारी शेळ्यांवर ओरडत होती. मी फाटकापाशी उभी राहिले. तिनं डोळ्यांवर हात धरला.

"कोण ती? मिशनवाली असशील तर आमचं झालंय सगळं, देव भेटलाय आम्हाला."

"आयोनी, मी इसिल्डा."

"कोण इसिल्डा?"

"सिल्डी."

"सिल्डी? लाथा मारणारी सिल्डी?"

असं म्हणून तिनं मला जे कवटाळलं! दोघी रडलो, आणि रडता रडता ती गारफील्डला सांगतेय — "तुझी आई झोपेत लाथा मारायची रे! माझ्या बरगड्या अजून दुखतात." माझ्याहून दोनतीन वर्षांनी मोठी ती. दात गेलेत, हसणं तेच.

खळं आहे अजून. कॉफी आता कुणी करत नाही, सिमेंटला भेगा पडल्यात, शेळ्या ऊन खात पसरलेल्या. शेळ्यांना हाकलून आम्ही दोघी मध्ये बसलो. इथं तुझी आई, इथं माझी, इथं लंगडी मिस एडना, इथं तिच्या त्या घोरणाऱ्या दोघी बहिणी — आयोनी बोट दाखवत गेली. कितीतरी नावं! "आणि माझी आई कडेला, वाटेच्या तोंडाशी. कोयता उशाला." कोयता मला आठवत नव्हता. मी विचारलं, कोयता कशाला? "रानडुकरं," ती म्हणाली.

मी तिला शब्दकोशातलं सांगितलं — हा शब्द मुळात झोपायच्या माच्याचाच. ती गडगडून हसली. "ह्यासाठी एवढं मोठं पुस्तक घेतलंस? मला विचारलं असतंस तर फुकट सांगितलं असतं. आपण झोपलो नव्हतो का?"

गारफील्डनं विचारलं, "आणि आमचे आजोबा? आजोबा कसे होते?"

आयोनीनं जरा वेळ शेळीच्या पाठीवरून हात फिरवला. "सुतारकामात हात चांगला होता," म्हणाली. मग उठून त्याला पेरू तोडून द्यायला गेली.

निघताना तिनं माझा हात धरून ठेवला. "परत ये. पण पुढच्या वेळी एकटी ये हं. म्हाताऱ्यांच्या गप्पांत पोराचं काय काम?"

येताना गाडीत मी गात होते. गारफील्ड म्हणाला, आई, तू गातेस? मला माहीतच नव्हतं.

२२ फेब्रुवारी, राखेचा बुधवार

व्हिनेट सांगत होती, भाची जाहिरात बदलणार आहे. मी म्हटलं, खबरदार! शब्द बरोबर आहे. लोकांनाच नीट येत नाही.

३ मार्च, शनिवार

एकटी गेले. आयोनीनं दार लावून घेतलं, चहा केला आणि सांगितलं.

आमचं घर वादळात पडलंच नव्हतं. वादळ ऑगस्टात आलं आणि गेलं. आम्ही खळ्यावर आलो नोव्हेंबरात — आईचा ओठ फाटलेला, हात गळ्यात बांधलेला, कडेवर बर्टी, मी मागं तिचा झगा धरून. पपांनी. पहिल्यांदा नव्हे. आयोनीच्या आईनं वाळत घातलेली कॉफी बाजूला सारून जागा केली. मला काय सांगायचं हा प्रश्न पडला, तेव्हा आईच म्हणाली — सांगा, वादळानं पत्रे उडाले.

आणि त्या बाकीच्या बायका? मी विचारलं. मिस एडना, त्या घोरणाऱ्या दोघी, पोरांना घेऊन आलेल्या सगळ्या?

तुझे पपा रात्रीचे शोधत यायचे, आयोनी म्हणाली. म्हणून त्या रोज येऊन तुम्हाला मध्ये घेऊन झोपायच्या. त्यांतल्या एकीचंही छप्पर उडालेलं नव्हतं.